रुसव्याची घोडी

त्या साली वैशाखात कुडपणची विहीर आटली आणि भागोजीच्या लंगड्या घोडीला एकाएकी मान आला. त्याआधी सगळं गाव तिला हसत होतं. कुडपण म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचं पठार. वर नाचणी-वरीची शेतं, चहूकडून कडे, आणि पोलादपूरच्या बाजाराला जायचं तर गुडघे कुरकुरेपर्यंत उतरण. अशा ठिकाणी बैल बरा, रेडा बरा, आणि बाईमाणसाचं डोकं तर सगळ्यांत बरं, कारण त्याला वेगळा चारा लागत नाही. घोडं बाळगून करायचं काय?

भागोजीनं ती विकत घेतली नव्हती. विकत घेईल तो भागोजी कसला! आदल्या साली पावसाच्या तोंडावर महाबळेश्वरचा एक घोडेवाला घाट उतरून महाडला निघाला होता. हवा खायला आलेल्या शेठाण्या पाठीवर मिरवून मिरवून घोडी थकली होती. आता ती महाडच्या टांगेवाल्याला विकायची, असा त्याचा बेत. कुणीतरी जवळची वाट सांगितली म्हणून तो कुडपणवरून आला, आणि गावाच्या खिंडीत घोडीनं पुढचा उजवा पाय उचलला तो परत टेकलाच नाही. घोडेवाल्यानं मारून पाहिलं, गोंजारून पाहिलं. आभाळ भरून आलं तसा त्याचा धीर सुटला. दोर भागोजीच्या हातात देऊन म्हणाला, "जगली तर तुमची, मेली तर गिधाडांची." नाव विचारलं तर ब्यूटी म्हणाला. गावानं दोन दिवसांत तिची बिवटी केली.

भागोजीची लेक आवडी तेव्हा पंधराची असेल. थोरल्या दोन बहिणी लग्न होऊन गेलेल्या, भाऊ नाही, त्यामुळे घरातलं आणि शेतातलं अर्धं काम तिच्याच अंगावर. तिनं घोडीचा पाय मांडीवर घेऊन पाहिला. खुराच्या मऊ भागात गारगोटीची कपची रुतून आत पू झाला होता. तिनं ती सुईनं कोरून काढली आणि रोज नाचणीच्या पिठाचं गरम पोटीस बांधायला लागली. आई तुळसा पिठाच्या डब्याशी उभी राहून करवादायची.

"मान्साला भाकर नाय आन् घोडीला पोटीस! उद्या तिला लुगडं नेसव!"

"बरी झाली म्हंजे लाकडं वाहील गो आये."

"वाहील! शेठानीच्या बुडाखालचं जनावर ते. लाकडं वाहनार!"

पण तुळसा पीठ द्यायची. सगळा पावसाळा बिवटी गोठ्यात बैलांशेजारी तीन पायांवर उभी राहिली आणि दसऱ्याला चार पायांवर चालायला लागली. थोडी लंगड राहिली ती राहिलीच.

आवडी तिच्यावर पहिल्यांदा बसली ती शेताच्या बांधावरून. पाठीवर गोणपाट, तोंडाला घायपाताचा दोर, आणि कमरेला काष्टा घट्ट मारलेला. बिवटी हलेना. बैलाला म्हणतात ते सगळं आवडीनं म्हणून पाहिलं. शेवटी कंटाळून तिनं जीभ टाळूला लावून दोनदा वाजवली, दम घेतला आणि आणखी एकदा वाजवली. टक टक, मग टक. घोडीचे कान ताठ झाले आणि ती चालायला लागली. पुढं हीच खूण ठरली. भागोजीनं तोंड वेडंवाकडं करून पाहिलं, पण त्याला ती कधी जमली नाही, कारण मधला तो दम तो विसरायचा.

पठारावर तेव्हा गवत पिवळं पडलं होतं. पहिल्या आठवड्यात आवडी चारदा पडली, कोपरं सोलली, आणि घरी येऊन करवंदीत पडले म्हणून सांगितलं. मग एके दिवशी बिवटी धावली. लंगड धावताना कुठं जाते कोण जाणे! आवडीनं आयाळ धरली, गुडघे आवळले आणि वारा तोंडात शिरून तिला हसू आवरेना. आपल्या खाली दुसऱ्या कुणाचे चार पाय आहेत आणि ते आपलं ऐकतात, हे सुख तिला नवीन होतं. जन्मापासून ती सगळ्यांचं ऐकत आली होती. तिचं कुणी ऐकलं असेल तर ते या घोडीनं.

गावानं नावं ठेवली. पोरगी घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसते म्हणजे काय? भागोजीनं एकदा दोर हिसकावून घेतला. पण मग वैशाख आला आणि विहिरीच्या तळाला चिखल लागला. पाणी उरलं ते डोंगराच्या पोटात, ओढ्याच्या डोहात. बायका पहाटे उतरायच्या आणि दोन कळशा डोक्यावर घेऊन वर येईपर्यंत ऊन मानेत उतरायचं. तुळसाची मान तर आधीच एका बाजूला कलली होती.

आवडीनं बांबूचा सांगाडा केला आणि रॉकेलचे धुतलेले चार डबे बिवटीच्या दोन्ही अंगांना बांधले. उतरताना डबे रिकामे आणि वर आवडी. चढताना डबे भरलेले आणि आवडी बाजूनं पायी, हात घोडीच्या मानेवर. अवघड वळणावर बिवटी थांबायची, फुरफुरायची. टक टक, मग टक. की निघाली. घरचं पाणी होऊन शेजारी डबा-डबा जायला लागला. ज्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या त्याच आता घोडीला भाकरीचा तुकडा घालायला लागल्या.

"बसू दे तिला," भागोजी लोकांना सांगायचा, जणू कुणी विचारलंच होतं. "पानी येतंय ना? मग बसू दे."

तुळसानं त्या उन्हाळ्यात एकही कळशी डोक्यावर घेतली नाही. एके दुपारी ती बिवटीच्या कपाळाला हळदीचं बोट लावून गेली.

पाऊस आला, विहीर भरली, आणि भागोजीनं दोर परत काढून घेतला. "पुरं झालं आता. उतर खाली. स्थळं बघायची हायत."

स्थळ आलं पाचाडचं. रायगडाच्या पायथ्याला भातशेती, घर कौलारू, मुलगा सयाजी मुंबईला गिरणीत. मुलाची आई राहीबाई येऊन आवडीला चालायला लावून गेली, तांदूळ निवडायला लावून गेली, हाताचे घट्टे बघून खूश झाली. लग्न शिमग्यानंतरचं धरलं, कारण सयाजीची रजा तेव्हाची होती. आवडीला नवरा कसा आहे याची काळजी नव्हती. नवरे असतात तसा असणार. तिला एकच प्रश्न होता, तो तिनं बापाला गवत कापताना विचारला.

"बा, बिवटीला माज्यासंगं देशील?"

भागोजीनं विळा थांबवला नाही. "घोडी तुला दिली तर पानी कोन आनील? तुजा मामा?"

"तिथं ती माजं ऐकंल. इथं कुनाचंच ऐकत नाय."

"ऐकंल. दोन दिस उपाशी ठेवली की समदी ऐकतात."

त्या रात्री आवडी जेवली नाही. दोन दिवस उपाशी ठेवली की सगळी ऐकतात, हे वाक्य तिच्या घशातून उतरेना.

युक्ती सुचवली ती मैनानं. मैना म्हणजे आवडीची चुलतबहीण, पोलादपुरात दिलेली, लग्नासाठी आधीच येऊन राहिलेली, जिभेची धारदार. या भागात लग्नाच्या जेवणाआधी नवरदेव रुसतो. खोटंच. मांडवातून उठून गावाबाहेर झाडाखाली जाऊन बसतो, आणि मुलीच्या बापानं वाजतगाजत जाऊन त्याला मनवायचं. नवरदेव काय हवं ते मागतो. अंगठी, छत्री, फार तर सायकल. मागितलेलं नाकारायचं नाही. दोन्ही गावांसमोर नाही म्हटलेला बाप मेल्यासारखाच.

"नवऱ्याला घोडी मागायला लाव," मैना म्हणाली. "काका पायावर पडला तरी नाय म्हनू शकनार नाय."

आवडी दाणे पाखडत होती ते सूप थांबलं. आईची मान तिच्या डोळ्यांसमोर आली, नाही असं नाही. पण विहिरीला अजून पाणी होतं, आणि सोळा वर्षांच्या पोरीला पुढचा वैशाख फार लांब वाटतो.

"तू सांगशील?" ती म्हणाली.

"मी करवली. माजं तोंड कोन धरनार?"

हळदीच्या दिवशी मैना पानाचं तबक घेऊन वऱ्हाड उतरलं होतं तिथं गेली. सयाजी मित्रांत बसला होता. पांढरी विजार, तेल लावून मागं वळवलेले केस.

"रुसव्यात काय मागनार नवरदेव?"

"रिस्टवाच. आमच्या खात्यात समद्यांच्या हाताला हाय."

"घड्याळं मुंबैला ढिगानं मिळतात. घोडी मागा. नवरीचा जीव हाय तिच्यावर, तिनंच सांगितलंय."

मित्र ओरडले. "क्या बात है! अरे सया, रायगडच्या पायथ्याचा गडी तू, आन् बुडाखाली घोडं नाय? माग घोडी!"

सयाजीला ते आवडलं. माणूस वाईट नव्हता. गिरणीत दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाणाऱ्याला घोड्यावर बसून गावात शिरावंसं वाटलं, यात त्याचं तरी काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या आणि सयाजी जांभळाखाली जाऊन रुसून बसला. ताशे वाजवत सगळा गाव गेला. भागोजीनं एक अंगठी करून ठेवली होती. ती त्यानं हसत हसत पुढं केली.

"घ्या जावयबापू. चला, पान वाढलंय."

सयाजीनं मान हलवली. "घोडी."

ताशेवाल्याचा हात थांबला. भागोजीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"घोडी? लंगडी हाय ती. काय करनार तिचं?"

"चालंल."

"पावनं, आमच्याकडं पानी..." असं म्हणून भागोजीनं भोवती बघितलं. पाचाडचं वऱ्हाड मिशांना पीळ भरत मजा बघत होतं. कुडपणची माणसं जमिनीकडे बघत होती. त्यांनाही डबा-डबा पाणी मिळालेलं होतं.

"काय व्याही, रुसव्यात नाय म्हनता?" वऱ्हाडातलं कुणीतरी म्हणालं.

"दिली," भागोजी म्हणाला. तो स्वतः गोठ्याकडे गेला, बिवटीला सोडून आणलं आणि दोर सयाजीच्या हातात ठेवला. मांडवात मुंडावळ्या बांधून बसलेल्या आवडीला पोरांनी धावत येऊन हे सगळं सांगितलं आणि तिच्या छातीतला आनंद इतका मोठा झाला की तिनं मान खाली घातली, दिसू नये म्हणून.

निघताना ती आईच्या गळ्यात पडली. तुळसा रडली, चारचौघींसारखी रडली, मग तिनं तोंड आवडीच्या कानाशी नेलं.

"घोडी गेली त्याचं कायसुदीक नाय. तू मागायला लावलीस, ते मला कळलं."

आवडीनं आईकडे बघितलं. तुळसानं पदरानं डोळे पुसले आणि मानेवरून पदर नीट केला. मान कललेलीच होती.

सयाजीच्या चुलतभावानं बिवटीला पायवाटेनं पाचाडला नेलं. ती चालत नव्हती, तेव्हा त्यानं तिला वाटभर शेवरीच्या फोकानं मारलं. आवडी वऱ्हाडाबरोबर एस.टी.नं आधी पोचली. घोडी दिसली तेव्हा तिच्या मागल्या पायांवर वळ होते.

वरात मारुतीच्या देवळापासून घरापर्यंत, म्हणजे हाकेच्या अंतरावर. बिवटीच्या पाठीवर लाल झूल, गळ्यात झेंडूच्या माळा. सयाजीला तिघांनी धरून वर चढवलं. आयुष्यात कधी बैलाच्या पाठीवरही न बसलेला माणूस. त्यानं दोन्ही हातांनी आयाळ धरली आणि डोळ्यांवर गॉगल लावला. सनई वाजली. बिवटी हलली नाही.

"हाल ना गो!" सयाजी म्हणाला. मग टाच मारली. कुणी शेपूट पिरगळली, कुणी मागून ढकललं. घोडीनं कान मागं पाडले आणि खांबासारखी उभी राहिली. पोरं हसायला लागली. राहीबाई दारात पंचारती घेऊन ताटकळली होती. एकानं फोक उचलला.

आवडी करवल्यांच्या घोळक्यात मागं चालत होती. तिनं फोक बघितला आणि पुढचा विचार केलाच नाही. मुंडावळ्यांच्या आडून तिची जीभ वाजली. टक टक, मग टक.

बिवटीनं कान टवकारले आणि शहाण्यासारखी चालायला लागली. चार पावलं गेली, वळून आवडीकडे बघितलं आणि थांबली. परत टक टक. परत चालली. सनईवाल्याच्या लक्षात आलं, मग सगळ्यांच्याच.

"अरे सया," देवळाच्या पायरीवरचा एक म्हातारा ओरडला, "लगाम बायलीच्या तोंडात हाय रे तुज्या!"

अख्खी वरात हसली. मुंबईचे मित्र पोट धरून हसले. सयाजीही हसला, पण आयाळ धरलेली त्याची बोटं पांढरी पडली होती.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढंसं काय ते. पण गावात एवढंसंच पुरतं. दुसऱ्या दिवशी सयाजी पाण्याला गेला तर मागून पोरांनी जिभा वाजवल्या. टक टक, मग टक. चावडीवर चहा प्यायला बसला तर म्हातारे. शेतावर गडी. रजेचे दिवस उरले होते, आणि प्रत्येक दिवशी कुणीतरी त्याला चालवत होतं. घरात तो आवडीशी धड बोलेना. ती पहाटे उठून गोठ्यात जायची, बिवटीच्या वळांना तेल लावायची. एकदा कुणी बघत नाही असं बघून परसात तिच्यावर बसलीही. राहीबाईनं बघितलं.

"सुनेनं घोडं उडवायचं घर नाय हे," ती म्हणाली. मग घोडीच्या तोंडाजवळ जाऊन तिनं निरखून पाहिलं. डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता. "आसूढाळ हाय गो! डोळ्याखाली भवरा असलेलं जनावर घरात रडं लावतं. म्हनून त्या घोडेवाल्यानं फुकट टाकली. आन् आमच्या दिवट्यानं रुसून मागून आनली!"

सयाजी ओटीवर दाढी करत होता. त्यानं आरशातून घोडीकडे बघितलं.

दोन दिवसांनी तो पहाटेच तयार झाला. "घोडीला नाल मारून आनतो म्हाडाहून," तो आवडीला म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदा जरा गोड बोलला. "लंगड जाईल म्हनतात नालानं."

आवडीला किती बरं वाटलं ते काय सांगायचं! तिनं बिवटीला खरारा केला, नाचणीची अख्खी भाकरी चारली, गोणपाट दुहेरी करून बांधलं. सयाजीनं दोर ओढला तर घोडी जागची हलेना.

"बग," तो म्हणाला. "येत नाय."

"येईल की," आवडी म्हणाली. ती त्यांच्याबरोबर वेशीपर्यंत चालत गेली, जिभेनं वाट दाखवत. वेशीवर तिनं घोडीच्या कपाळावर कपाळ टेकलं. मग मागं राहून, सयाजी दोर धरून पुढं असताना, तिनं शेवटची खूण दिली. बिवटी त्याच्यामागून गेली. उताराला नाहीशी होईपर्यंत तिचे कान मागं वळलेले होते, परतीची हाक येते का म्हणून.

संध्याकाळी सयाजी एकटा आला. मनगटावर घड्याळ होतं.

आवडी चुलीपुढून उठली. "घोडी कुठं हाय?"

"दिली टांगेवाल्याला. पयल्यांदा तिकडंच चालली व्हती ना? पोचली."

"माजी व्हती ती."

"तुजी?" सयाजी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "रुसला कोन? मी. दोर कुनाच्या हातात दिला तुज्या बानं? माज्या. रुसव्याचं जावयाचं असतं. आन् मागायला कुनी लावली गो मला? मी तर घड्याळच मागनार व्हतो."

त्यानं मनगट कानाशी नेलं आणि घड्याळ चालू आहे का ते ऐकलं. राहीबाई आतून म्हणाली, "भाकरी करपतीय." आवडी चुलीपुढं बसली आणि तिनं करपलेली भाकरी उलटली.

तो सबंध पावसाळा तिनं पाचाडच्या खाचरात काढला. वाकून रोपं लावायची, बोटं चिखलात कुजायची, पाठ संध्याकाळी सरळ व्हायला नकार द्यायची. काम तिला नवं नव्हतं. नवा होता तो मनातला हिशेब. गप्प बसले असते तर बिवटी आज कुडपणला असती. बानं उपाशी ठेवली असती, मारली असती, पण घरात असती. माहेरी गेलं की भेटली असती. आणि आईच्या डोक्यावर कळशी नसती. मी मागितली म्हणून ती माझी राहिली नाही. हे ती स्वतःला रोज सांगायची आणि रोज तेवढंच जळायचं.

भाद्रपदात सयाजी गणपतीला आला. गौरीला लेकीनं माहेरी जायचं, म्हणून तो तिला पोलादपूरच्या गाडीत बसवून द्यायला महाडपर्यंत निघाला. आता बराच बरा बोलत होता. पोरांना जिभा वाजवायचा कंटाळा आला होता, आणि घड्याळाचं नवंपणही गेलं होतं. महाडात उतरल्यावर तो गाडीची चौकशी करायला गेला आणि आवडी बोचकं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. समोर नदीकडून बाजाराकडे चढ होता. चढावर चिखल होता, चिखलात एक टांगा रुतला होता, टांग्यात मिठाची पोती होती, आणि टांग्याच्या दांड्यांत बिवटी होती.

बरगड्या दिसत होत्या. खांद्यावर पट्ट्यानं सोललेलं लाल कातडं, त्यावर माश्या. डोळ्यांना दोन्ही बाजूंनी चामड्याची झापडं बांधलेली, समोरचा हातभर रस्ता सोडून काही दिसू नये अशी. टांगेवाला वर बसूनच चाबूक चालवत होता. चाबूक पाठीवर वाजला की बिवटीचं कातडं थरथरायचं, पण पाय हलत नव्हते. आवडीला ती ओळखू आली ती या न हलण्यावरून.

तिची जीभ टाळूला जाऊन चिकटली. वाजवली तर काय होईल ते तिला ठाऊक होतं. बिवटी आवाजाच्या दिशेनं वळेल, टांग्यासकट गटारात जाईल, आणि मग चाबूक.

ती चिखलातून टांग्याच्या मागल्या बाजूनं पुढं गेली, अगदी टांगेवाल्याच्या बैठकीच्या जवळ.

"दादा, मारू नका."

टांगेवाल्यानं वळून बघितलं. "मग काय ओवाळू? हिला चाबकाबिगर कायच कळत नाय. ज्यानं गळ्यात मारली त्यो मजेत असंल."

"तिला जिभेनं सांगा. ती जिभेचं ऐकती."

"तुला काय म्हाईत?"

"आमच्या गावची हाय," ती म्हणाली. "बघा, असं." तिनं बैठकीच्या बाजूला तोंड नेलं आणि हळू आवाजात जीभ वाजवली.

बिवटीचं सगळं अंग शहारलं. मान उचलून तिनं एक बाजू बघितली, दुसरी बघितली. दोन्हीकडे चामडं होतं. नाकपुड्या फुलल्या. आवडी झटकन टांग्याच्या मागं सरकली. पुढं जावं, ते झापड वर करावं, कपाळाला कपाळ लावावं, असं तिला इतकं वाटलं की चाकाला धरून उभं राहावं लागलं. पण वास आला असता, ओळख पटली असती, तर घोडी तिला सोडून पाऊलही पुढं गेली नसती. आणि चाबूक टांगेवाल्याच्या हातातच होता.

"आता तुमी करा," ती मागूनच म्हणाली.

टांगेवाल्यानं जीभ वाजवली. टक टक टक. बिवटी हलली नाही.

"तसं नाय. दोनदा, मग थांबायचं. दम घेतो तेवढं. मग एकदा."

"टक टक... टक. असं?"

"आनखी जरा थांबा मधी."

भागोजीला वर्षभर जमली नव्हती ती खूण टांगेवाल्याला चौथ्या खेपेला जमली. बिवटीचे कान उभे राहिले. तिनं खांदे आवळले, मागचे पाय रोवले, लंगडा पाय चिखलात खोल घातला, आणि पोती भरलेला टांगा एका दमात वर ओढून काढला. कुडपणच्या अवघड वळणावर भरलेल्या डब्यांसकट चढायची, तशीच.

"आयला, खरंच की!" टांगेवाला खूश होऊन ओरडला. त्यानं चाबूक बैठकीखाली सारला. "तुजं भलं व्हईल बाय!"

सयाजी धावत आला. "अगो, हिकडं चिखलात काय करतीस? गाडी लागली पोलादपूरची." त्यानं टांग्याकडे बघितलं, घोडीकडे बघितलं, आणि मग घड्याळाकडे बघितलं. "चल," तो जरा हळू म्हणाला.

आवडी हलली नाही. टांगा बाजाराच्या वळणाला लागला होता. तिथून परत तो आवाज आला, टक टक, मग टक, मधल्या दमासकट अगदी बरोबर, आणि बिवटी पाय उचलून आनंदानं धावत गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही. बघायचं कारणच नव्हतं. तिच्या समजुतीनं आवडी टांग्यातच बसली होती.